पडायला शिकवणारे अप्पा

काशिनाथअप्पांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते एका लहान मुलाला सायकलवरून ढकलून देत होते. चुकून धक्का लागला असं नव्हे. सायकल उभी, तिच्यावर दुसरी-तिसरीतला एक मुलगा बसलेला, आणि शेजारी धोतर-सदऱ्यातले, पांढऱ्या मिशांचे, कपाळावर भस्माचे आडवे पट्टे ओढलेले एक गृहस्थ. त्यांनी मुलाच्या खांद्यावर हात ठेवला. आता पाठ थोपटतील असं मला वाटलं, तर त्यांनी त्याला सरळ लोटून दिलं. मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी कणीक मळत होते. हाताची कणीक तशीच, पायात चप्पलसुद्धा न घालता मी धावत सुटले.

माझी नांदेडहून लातूरला बदली झाली होती आणि सामानाची खोकीदेखील अजून सुटली नव्हती. ह्यांची नोकरी नांदेडलाच, ते शनिवार-रविवारी यायचे. कॉलनीत कोण कुठला काही ठाऊक नाही, आणि मी पहिलाच संवाद करायला निघाले होते तो भांडणाचा. जाऊन बघते तर मुलगा भुसकटानं भरलेल्या पोत्यांवर उताणा पडून खिदळतोय आणि म्हणतोय, "अप्पा, अजून एकदा."

"अहो, हे काय चाललंय?" मी विचारलं. आवाज चढलेलाच होता.

त्यांनी दोन्ही हात जोडून लिंगायतांच्या रीतीनं नमस्कार केला. "शरणार्थी, ताई. सायकल शिकवूलालो."

"अशी? ढकलून?"

"पडायचं भ्या हाय ना पोटात, ते आदी काढावं लागतंय. चाकाचं मागून बगू." मग माझ्या हाताकडे बघून अगदी सौम्यपणे म्हणाले, "जावा, कणीक वाळून राहिली तुमची."

मी तशीच परत आले. माणूस वेडा आहे की काय, हा प्रश्न त्यानंतर कितीतरी दिवस माझ्या डोक्यात होता.

अप्पा मूळचे निलंग्याच्या बाजूचे. घरात निम्मं कानडी, निम्मं मराठी. लातूरच्या बाजारात त्यांची तुरीची आणि सोयाबीनची आडत होती. तिथं त्यांनी उभा जन्म काढला, आणि एके दिवशी किल्ल्यांचा जुडगा मुलाच्या, बसवराजच्या, हातात देऊन ते घरी येऊन बसले. बसले म्हणजे काय, आठवडाभरही बसले नसतील. कॉलनीच्या टोकाला एक मोकळा प्लॉट होता, कुणाचा ते कुणालाच नक्की माहीत नव्हतं. अप्पांनी दुकानातून बारदाना, म्हणजे रिकामी पोती, मागवला, पोत्यांत भुसकट भरलं, ती पोती प्लॉटच्या एका अंगाला पसरली, आणि कॉलनीतल्या पोरांना सायकल शिकवायला सुरुवात केली. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांचा स्वतःचा नातू पुण्याला. कशासाठी करताय असं विचारलं की म्हणायचे, "मग काय करू? टीव्ही बगू?"

त्यांची पद्धत अशी की पहिले काही दिवस चालवायचं नावच नाही. आधी उभ्या सायकलवरून पोत्यांवर पडायचं. डावीकडे पड, उजवीकडे पड, हँडल सोडून पड, हँडल धरून पड. पोरांच्या अंगाला भुसकट टोचायचं, खाज सुटायची, घरी आया कावायच्या. मग एके सकाळी अप्पा पोती उचलून बाजूला ठेवायचे आणि म्हणायचे, "बिडू!" बिडू म्हणजे कानडीत सोड. ते पोरगं पाय जमिनीवरून सोडायचं आणि जायचं की पुढं. मागून कॅरिअर धरणं हा प्रकार अप्पांकडे नव्हताच.

आमच्या कॉलनीत एक इंजिनिअर राहायचे. ते आपल्या मुलीची सायकल मागून धरून घामाघूम होऊन पळत होते. अप्पांनी कट्ट्यावरून ते बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पोरगी सायकल न्हाई चालवूलाली. बापाला चालवूलाली." इंजिनिअर इतके ओशाळले की त्यांनी तिथल्या तिथं कॅरिअर सोडलं आणि मुलगी गेली ती थेट बोगनवेलीत. तिच्या आईनं आकाशपाताळ एक केलं. अप्पांवर काही परिणाम नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी प्लॉटच्या तोंडाशी पडलेल्या सिमेंटच्या पाइपकडे बोट दाखवून नियमच काढला, की आईबापांनी याच्या अलीकडे यायचं नाही. "पोराला लागलं की पोरगं रडत न्हाई. आदी आईकडं बगतंय, मग रडतंय. आई नसली की उठतंय."

खरं सांगायचं तर मला ते उद्धट वाटायचे. लातूरला मुलांच्या ट्यूशनसाठी जीव टाकणारी आईबापं, आणि हा म्हातारा त्यांना पाइपाच्या पलीकडे उभं करतो म्हणजे काय!

पण मला खरा राग आला तो वेगळ्याच गोष्टीवरून. माझी मुलगी सानिका तेव्हा सहावीत होती. तिचा डावा पाय जन्मापासूनच आत वळलेला. तान्ही असताना प्लास्टरं झाली, मग ऑपरेशन झालं, पाऊल सरळ झालं. पण पोटरी बारीकच राहिली आणि दमली की ती पाय किंचित ओढते. आमच्या घरात या पायाबद्दल कुणी बोलायचं नाही. बोलायची वेळ आलीच तर आम्ही 'तो त्रास' म्हणायचो. शाळेत मी आधीच जाऊन बाईंना सांगून यायची की कुणी तिला विचारू नका. नातेवाइकांनाही तशी तंबी होती.

एका संध्याकाळी मी आणि सानिका दळण घेऊन येत होतो. अप्पा समोरून आले. थांबले. तिच्याकडे बघितलं आणि भर रस्त्यात विचारलं, "पायाला काय झालं गं पोरी? डावाच न्हाई का?"

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. दळणाचा डबा खाली ठेवून मी काहीतरी बोलणार, तेवढ्यात सानिका म्हणाली, "जन्मापासूनच असाय. ऑपरेशन झालंय. दाखवू?"

आणि तिनं खरंच रस्त्याच्या कडेला बसून बूट काढला, मोजा काढला आणि पाय पुढे केला. डॉक्टरसमोरसुद्धा मोजा काढायला कुरकुरणारी माझी मुलगी! अप्पा खाली बसले, पाऊल हातात घेतलं, पोटरी दाबून बघितली. आडतीवर आलेला माल बघावा तसं गंभीरपणे बघत होते. मग म्हणाले, "ताकद कमी हाय. पण हाय."

"सायकल येईल मला?" सानिकानं विचारलं.

"पडायला येतंय का?"

"ते तर मला रोजच येतं," ती म्हणाली, आणि दोघं हसायला लागले. मी तिचा दंड धरून तिला घरी आणलं. त्या रात्री ती जेवताना गुणगुणत होती. इतकी वर्षं आम्ही तिला कुणी विचारू नये म्हणून पहारा दिला, आणि तिला कुणीतरी विचारायलाच हवं होतं की काय, असं मनात आलं आणि मी घाबरले.

पुढचे काही महिने घरात सानिकाचा एकच विषय. वर्गातल्या सगळ्या मुली ट्यूशनला सायकलवर जातात आणि मी एकटीच आईच्या स्कूटीच्या मागे. आई वेळेवर येत नाही. आई गेटवर हॉर्न वाजवते. मला लाज वाटते. माझं उत्तर ठरलेलं, नाही म्हणजे नाही. शेवटी मी तिला हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं, म्हटलं हेच नाही म्हणतील आणि विषय मिटेल. डॉक्टरांनी एक्स-रेसुद्धा नीट बघितला नाही. "चालवू द्या की. पायाला चांगलंच आहे." ह्यांना फोनवर सांगितलं तर पुढच्या शनिवारी हे सायकल घेऊनच आले. ठिपक्यांच्या बास्केटची लेडीज सायकल.

अप्पांच्या स्वाधीन करताना मी पाच मिनिटं सूचना दिल्या. तिला उन्हात ठेवायचं नाही, ढकलायचं नाही, दमली तर बसवायचं. अप्पांनी सगळं ऐकून घेतलं. मग पाइपाकडे बोट केलं आणि म्हणाले, "ताई, तुमी भाईर."

स्वयंपाकघराच्या खिडकीतून प्लॉट दिसायचा. मी रोज तिथं उभी. पहिल्याच दिवशी त्यांनी तिला ढकललं. मी डोळे मिटून घेतले. उघडले तर ती भुसकटात लोळत होती आणि केसांतून काड्या काढत होती.

अडचण आली ती चढायची. पोती बाजूला झाली, आता स्वतः चढून जायचं. आपण सगळे सायकलच्या डावीकडे उभे राहतो, डावा पाय पॅडलवर ठेवतो, सगळा भार त्यावर टाकून दुसरा पाय पलीकडे नेतो. सानिकाचा भार डाव्या पायावर पेलत नव्हता. ती पाय ठेवायची, पोटरी थरथरायची, सायकल कलायची. पुन्हा, पुन्हा. पोरं गप्प होऊन बघायची. एके दिवशी ती सायकल टाकून घरी आली आणि उशीत तोंड खुपसून म्हणाली, "विकून टाक ती."

मला आतून सुटल्यासारखं वाटलं. सायकल जिन्याखाली गेली, संपला विषय, असं मी धरून चालले. दुसऱ्या दिवशी सकाळी प्लॉटवर आरडाओरडा ऐकू आला म्हणून खिडकीतून बघितलं, तर अप्पा स्वतःची जुनी काळी सायकल घेऊन तिच्या उजव्या बाजूला उभे. उजव्या बाजूनं कुणी चढतं का हो? तिकडे चेन असते. त्यांनी उजवा पाय पॅडलवर ठेवला, टांग मारली आणि धोतराचा सोगा चेनमध्ये अडकून सायकलसकट आडवे झाले. सत्तरी ओलांडलेला माणूस, अंगाखाली पोतीसुद्धा नाहीत. मी धावले, अर्धी कॉलनी धावली. त्यांच्या बायकोला सगळे अव्वा म्हणतात. त्या पदर खोचून, कानडीत तोंडाचा पट्टा सोडत आल्या. अप्पांचं कोपर सोलवटलं होतं, धोतर फाटलं होतं, आणि ते खाली बसून विचार करत होते.

"धोतराचं जमत न्हाई," ते म्हणाले. "पण चढता येतंय. सानीला बलवा."

"तुमाला लाज वाटती का?" अव्वा म्हणाल्या. "हाड मोडलं असतं म्हंजे?"

"मोडलं न्हाई ना? मग." आणि माझ्याकडे बघून, "ताई, लोकायला डावं अंग सोयीचं पडतंय म्हनून डाव्या अंगानं चढतेत. हिला उजवं सोयीचं. एवढंच हाय."

मी सानिकाला बोलावून आणलं. नाही कसं म्हणणार? समोर तो माणूस कोपरातून रक्त गळत बसलेला. त्यांनी तिच्या पँटचा उजवा पाय घोट्याशी रबरबँडनं बांधला, म्हणजे चेनमध्ये जायला नको. ती उजवीकडे उभी राहिली, धड पाय पॅडलवर ठेवला, आणि तो बारीक डावा पाय बास्केटच्या मागून अलगद पलीकडे गेला. बसली सीटवर. मी पाइपाच्या बाहेर तोंडावर हात ठेवून उभी. कॉलनीतल्या एक-दोन बायका हसल्या, उलट्या बाजूनं चढते म्हणून. अव्वा त्यांच्यावर अशा काही डाफरल्या की त्या घरात गेल्या.

एवढं होऊनही तिला सायकल आली नाही. चढायची, चार हात जायची, खाली पायाकडे बघायची, थांबायची. "पायाकडं बगू नको," अप्पा ओरडायचे. "पाय काय पळून जात न्हाई." पण तिची नजर जायचीच. हिवाळा गेला, परीक्षा आल्या. बाकीची पोरं शिकून पार झाली. अप्पांनी नवी पोरं घेणं बंद केलं होतं. मला नवल वाटलं म्हणून अव्वांना विचारलं. त्या भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "हार्टचं हाय. डॉक्टरनं बसून ऱ्हा म्हनून सांगितलंय. म्हनले, ही एकच पोरगी राहिली, हिला आली की बसतो." हा माणूस रोज सकाळी तासभर उन्हात माझ्या मुलीमागं उभा राहत होता आणि आम्हाला पत्ता नव्हता.

मी सानिकाला सांगितलं, आता अप्पांना त्रास द्यायचा नाही. तिनं जाऊन त्यांना सांगितलं की आई नाही म्हणते. अप्पांनी मला निरोप पाठवला, "तुमच्या आईला म्हनावं, भाईर."

उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही नांदेडला ह्यांच्याकडे निघालो. निघताना सानिका अप्पांच्या पाया पडली. त्यांनी ओट्यावर बसूनच तिला आशीर्वाद दिला. दम लागत होता, मधे मधे थांबत होते. म्हणाले, "तितं कुनाची तरी सायकल घे. तितं मी बी न्हाई, पोती बी न्हाई, तुला हसनारं बी कुनी न्हाई. तितंच येईल बग तुला. आल्यावर मला दाव."

"फोन करू?" तिनं विचारलं.

"फोनवर सायकल दिसती का?"

नांदेडला ह्यांच्या क्वार्टरच्या मागे मैदान आहे. शेजारच्या मुलीची सायकल मागून घेऊन सानिका रोज पहाटे तिकडे जायची. मला बरोबर येऊ द्यायची नाही. मी गॅलरीतून बघायचा प्रयत्न करायची, पण मधे चिंचेचं झाड. एकदा सकाळी मी खाली दूध घ्यायला उभी होते. समोरच्या रस्त्यावरून एक मुलगी सायकलवर गेली. आरामात, मान ताठ, वेणी उडतेय. मला वाटलं, कुणाची आहे, छान चालवते. वळणावर गेल्यावर तिचा डावा बूट मी ओळखला. दुधाची पिशवी हातातून निसटली. दूधवाला म्हणाला, ताई, चक्कर आली का? मी हो म्हटलं. दुसरं काय सांगू?

घरी येऊन ती माझ्यावरच चिडली. "तू कशाला बघितलंस? अप्पांना आधी दाखवायची होती." ह्यांनी लगेच अप्पांना फोन लावायला घेतला, तर तिनं फोन हिसकावला. मग तिला सुट्टी नकोशी झाली. रोज एकच, लातूरला कधी जायचं. शेवटी मी रजा संपायच्या आधीच तिकिटं काढली आणि आम्ही दोघी पहाटेच्या एसटीत बसलो.

कॉलनीच्या ग्रुपवर सकाळीच निरोप आला होता, हे मला नंतर कळलं. बसमध्ये सानिका माझ्या फोनवर गाणी ऐकत होती आणि अहमदपूरच्या आसपास फोन बंद पडला होता. रिक्षातून उतरलो तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं. मी कुलूप उघडतेय तोवर तिनं जिन्याखालची सायकल ओढून काढली, पंपानं हवा भरली आणि प्लॉटच्या दिशेनं निघूनसुद्धा गेली. अप्पा या वेळी प्लॉटवरच असतात, तिला माहीत होतं.

मी पिशव्या आत ठेवल्या आणि दारात आले. अप्पांचं घर आमच्यापासून चार घरं पलीकडे, प्लॉटच्या उलट बाजूला. समोर बरीच माणसं उभी होती, काही बाया ओट्याखाली बसलेल्या. आणि ओट्यावर अप्पा. खुर्चीवर ताठ बसलेले, नवं पांढरंशुभ्र धोतर, कपाळावर भस्म ठसठशीत, गळ्यात झेंडूचे हार. मला वाटलं, सत्कार. आमच्याकडे हल्ली कशाचेही सत्कार होतात. म्हटलं, बरं झालं, कुणीतरी या माणसाची दखल घेतली. मी तर साडी बदलून जावं का, असाही विचार केला.

चालत जवळ गेले. कुणी बोलत नव्हतं. झांजा वाजत होत्या, हळू. अप्पा माझ्याकडे बघत नव्हते. मग मला त्यांच्या हनुवटीखालून गेलेली पांढरी पट्टी दिसली. डोकं मागे खुर्चीला टेकवून बांधलेलं होतं. डाव्या तळहातावर त्यांच्या गळ्यातलं इष्टलिंग काढून ठेवलेलं, आणि त्या हाताला कुणीतरी खालून कापडाचा आधार दिला होता.

लिंगायतांत पुरतात एवढं मला ऐकून माहीत होतं. बसवून नेतात, बसवूनच मातीत ठेवतात, हे मी कधी पाहिलं नव्हतं. आणि त्याच क्षणी मला गल्लीच्या त्या टोकाला घंटी ऐकू आली.

सानिका प्लॉटवरून वळून येत होती. तिला लांबूनच अप्पा दिसले होते, बसलेले. तिचा चेहरा फुलला. मी हात वर केला, पण हाक काही निघाली नाही. ती गर्दीच्या कडेनं सायकल काढत बरोबर ओट्यासमोर आली, थांबली, उजवीकडून उतरली. दम लागला होता. "अप्पा, आली मला," ती म्हणाली. "नांदेडला आली. तुम्ही म्हणाला होता तसंच."

झांजा थांबल्या. सगळी माणसं तिच्याकडे बघत होती. ती अप्पांकडे बघत होती.

"अप्पा?"

माझी स्वतःची मुलगी, दहा पावलांवर, आणि मला पाऊल उचलता येईना. तिनं माझ्याकडे वळून बघितलं. माझ्या चेहऱ्यावर तिला सगळं दिसलं असणार, कारण तिचा हात हँडलवरून गळला.

अव्वा अप्पांच्या पायाशी बसल्या होत्या. त्या उठल्या, ओट्यावरून खाली आल्या. डोळे कोरडे होते. "पहाटं गेले, बाळ," त्या म्हणाल्या. "झोपीतच. काल दिसभर इचारून राहिले होते, नांदेडची गाडी कवा हाय म्हनून." मग त्यांनी तिच्या सायकलची बास्केट हातानं सरळ केली. "उतरलीस कशाला? दाव म्हनले होते ना तुला? मग दाव. समोरून घाल एक चक्कर."

मठाचे स्वामी पुढे झाले. "अव्वा, खड्डा तयार हाय. येळ होतोय."

"होऊ द्या," अव्वा म्हणाल्या. "कुनीकडं जायची घाई हाय त्यायला?"

माणसं दोन्ही बाजूंना सरकली, बायांनी पाय जवळ घेतले, गल्ली मोकळी झाली. सानिका रडत होती, नाक पुसत होती. तिनं सायकल वळवली, उजवीकडे उभी राहिली, पाय पॅडलवर ठेवला आणि चढली. गेली. त्या सगळ्या गप्प माणसांच्या मधून चेनचा तेवढा आवाज येत होता.

अप्पांचे चिरंजीव बसवराज माझ्या शेजारी उभे होते. धोतर नेसलेले, अंगावर उपरणं. सकाळपासून त्यांनीच सगळी धावपळ केलेली दिसत होती. ते सानिकाकडे बघत हळू आवाजात म्हणाले, "मला हमालानं शिकवली, ताई."

मला कळेना. "काय?"

"सायकल. दुकानातल्या हमालानं शिकवली मला. अप्पाला येळच न्हवता कवा. गल्ल्यावरून उठायचेच न्हाईत. मी शिकून घरी चालवत आलो तर म्हनले, बरं, आता डबा तूच आनत जा." त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं. "दुकान सोडून ह्ये चालू केलं तवा मी इचारलं एकदा. म्हनलं, लोकायची पोरं तुमी कामून शिकवूलालाव? तर म्हनले, तुजं राहिलं म्हनून."

एवढं सांगून त्या मोठ्या माणसाचा बांध फुटला. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि मीही रडले, अगदी मोठ्यानं. मागून कुणीतरी विचारत होतं की या बाई त्यांच्या कोण.

सानिका गल्लीच्या टोकाला वळली आणि परत आली. खाली बघितलं नाही तिनं. ओट्यासमोरून जाताना मान वळवून अप्पांकडे बघितलं, तशीच पुढे गेली, मग उतरली. अव्वांनी स्वामींना मान हलवून खूण केली. सानिकानं सायकल आमच्या भिंतीला लावली, आणि बसवराजनी डोळे पुसून पुढे होत बापाच्या खुर्चीला खांदा दिला.